विचार चारचौघांत येतो तेव्हा

समाज कसा असावा, माणूस मोकळा होतो म्हणजे नेमके काय होते आणि मानवजातीचे पुढे काय होणार, या प्रश्नांवर गेल्या दीड शतकात जे महत्त्वाचे लिहिले गेले त्यातले बरेचसे आधी बोलले गेले आहे. मॅक्स वेबर यांचे राजकारणावरचे विवेचन, रवींद्रनाथांची राष्ट्रवादावरची टीका, व्हर्जिनिया वुल्फ यांचे स्त्री आणि लेखन या विषयावरचे पुस्तक, आयझाया बर्लिन यांनी मांडलेल्या स्वातंत्र्याच्या दोन कल्पना, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांची ‘हिंदुधर्माची समीक्षा’, अमर्त्य सेन यांचा विकास आणि स्वातंत्र्य यांची सांगड घालणारा ग्रंथ, ही सगळी मुळात व्याख्याने. कुणीतरी आमंत्रण दिले, तारीख ठरली, माणसे येऊन बसली आणि वक्त्याला ठरलेल्या वेळात आपले म्हणणे मांडून खाली बसावे लागले. पुस्तक त्यानंतरचे. आपल्या हाती ते पुस्तकच येते, आणि समोर बसलेली माणसे आपण विसरून जातो.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना मला एवढेच सांगायचे आहे की ती माणसे विसरू नका. जाहीर व्याख्यानात विचारवंत आपला विचार अशा लोकांसमोर ठेवतो ज्यांना तो झोंबू शकतो, ज्यांना उठून जाता येते, उलट बोलता येते. ग्रंथकाराला ही जोखीम एवढ्या जवळून घ्यावी लागत नाही. बोलावणारा कोण, ऐकणारे कोण, कुणाला दारातून आत येता येत होते आणि कुणाला नाही, हे कळले की छापील मजकुरातली कितीतरी वाक्ये वेगळी दिसू लागतात. स्वातंत्र्यावरच्या व्याख्यानांच्या बाबतीत तर हे जास्तच खरे आहे, कारण तिथे व्याख्यानाचा विषय आणि व्याख्यान होऊ शकण्याची अट एकच असते.

घाबरण्यासारखे यात काही नाही. तत्त्वज्ञानाची पदवी नसलेल्यांना कळावे याच हेतूने यातली पुष्कळ व्याख्याने दिली गेली. स्कॉटलंडमधले एक न्यायाधीश, लॉर्ड अ‍ॅडम गिफर्ड, यांनी 1885 साली मृत्युपत्र केले आणि एडिंबरा, ग्लासगो, अ‍ॅबर्डीन आणि सेंट अँड्र्यूज या चार विद्यापीठांना मिळून 80,000 पौंड ठेवले. विषय होता ईश्वर आणि नीती यांचा बुद्धीच्या आधाराने विचार. अटी वाचण्यासारख्या आहेत. वक्ता कोणत्याही धर्मपंथाचा असो, किंवा कोणत्याच पंथाचा नसो, संशयवादी असला तरी चालेल. त्याच्याकडून कसलीही शपथ घेऊ नये. आणि व्याख्याने विद्यार्थ्यांपुरती न ठेवता सगळ्या समाजाला खुली असावीत. धार्मिक मनाचा हा माणूस आपल्या पैशाने नास्तिकालाही व्यासपीठ देऊन गेला. 1888 पासून ही माला चालू आहे. विल्यम जेम्स यांनी 1901-02 मध्ये धार्मिक अनुभवांवर बोलावे, आणि पुढे पाऊण शतकाने हॅना आरेन्ट यांनी विचार करणे म्हणजे काय यावर बोलावे, हे त्या अटींमुळे शक्य झाले.

गिफर्ड यांच्या मृत्युपत्राच्या दहा वर्षे आधी, 1875 साली, पुण्यात दुसऱ्या एका न्यायाधीशाने वसंत व्याख्यानमाला सुरू केली. महादेव गोविंद रानडे यांच्यापाशी गिफर्ड यांच्यासारखी संपत्ती नव्हती. त्यांच्यापाशी चिकाटी होती आणि माणसे जमवण्याची हातोटी होती. मला या दोन उपक्रमांतला फरक फार बोलका वाटतो. स्कॉटलंडमध्ये विद्यापीठे शतकानुशतके उभी होती. त्यांची दारे बाहेरच्यांना उघडायची एवढेच काम होते. पुण्यात आधी सभेत बोलण्याची आणि दुसऱ्याचे ऐकून घेण्याची सवय घडवायची होती. म्हणून रानड्यांच्या वक्तृत्वोत्तेजक सभेच्या नावातच उत्तेजन आहे. सुट्टीच्या दिवसांत, उन्हे उतरल्यावर, कारकून, शिक्षक, वकील आणि विद्यार्थी यांनी एकत्र बसून सार्वजनिक प्रश्नावर काही ऐकायचे, ही तेव्हा नवी गोष्ट होती. कीर्तन-प्रवचनाची परंपरा आपल्याकडे होतीच, पण कीर्तनकाराला कुणी मध्येच हरकत घेत नाही. व्याख्यात्याला घेता येते.

त्याच 1875 साली रानड्यांच्या पुढाकाराने स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले. त्यांच्या व्याख्यानांनी शहर ढवळून निघाले. त्यांच्या मिरवणुकीच्या पाठीशी जोतीराव फुले उभे राहिले, आणि विरोधकांनी गाढव सजवून ‘गर्दभानंदा’ची उलटी मिरवणूक काढली. विचारांची लढाई रस्त्यावर कशी उतरते याचा हा आपल्याकडचा एक ठसठशीत नमुना. अभ्यासकासाठी मात्र या व्याख्यानांत आणखी एक धडा आहे. दयानंद बोलले हिंदीत. त्यांची टिपणे निघाली आणि छापली गेली ती मराठीत. आणि पुढे त्या मराठीवरून ती पुन्हा हिंदीत गेली. आज आपण जे वाचतो ते त्यांच्या तोंडचे शब्द नव्हेत. दोनदा भाषांतर झालेले सार आहे. व्याख्यानांच्या अभ्यासात हा प्रश्न सतत समोर येतो. काही वक्ते लिहून आणलेले वाचतात, काही नुसत्या मुद्द्यांवर बोलतात. कधी वार्ताहराने घेतलेले टिपण उरते, कधी लघुलेखकाचे, कधी ध्वनिफीत. बर्लिन यांचे ‘स्वातंत्र्याच्या दोन संकल्पना’ हे व्याख्यान छापील स्वरूपात तासाभरात वाचून होण्यासारखे नाही, आणि ते भराभर बोलण्यासाठी प्रसिद्ध होते हे धरूनही नाही. तेव्हा एखाद्या व्याख्यानातले वाक्य उद्धृत करण्याआधी ते सभागृहात उच्चारले गेले की नंतर टेबलाशी बसून घातले गेले, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

व्याख्यान आणि वर्गातला तास यांतला फरक सगळ्यांत नेटका कुणी सांगितला असेल तर तो मॅक्स वेबर यांनी, आणि तोही व्याख्यानातच. 7 नोव्हेंबर 1917 रोजी म्युनिकमध्ये एका पुस्तकविक्रेत्याच्या छोट्या सभागृहात विद्यार्थी संघटनेच्या आमंत्रणावरून ते ‘विज्ञान: एक जीवनकार्य’ या विषयावर बोलले. महायुद्धाचे चौथे वर्ष चालू होते. समोरच्या तरुणांना कुणीतरी आता वाट दाखवावी असे वाटत होते. वेबर यांनी ते सरळ नाकारले. त्यांचे म्हणणे असे, की वर्गात विद्यार्थ्याला गप्प बसावे लागते, परीक्षेसाठी त्याच तासाला यावे लागते; अशा ठिकाणी अध्यापकाने आपली राजकीय मते माथी मारणे हा गैरफायदा आहे. ज्याला लोकांना मत पटवायचे आहे त्याने जिथे प्रतिवाद करता येतो तिथे जावे, चौकात जावे, सभेत जावे. म्हणजे वेबर यांच्या हिशेबी व्यासपीठाचे नैतिक मोल श्रोत्याच्या तोंडावर अवलंबून आहे. ते बंद असेल तर बोलणाऱ्याने स्वतःला आवरले पाहिजे.

चौदा-पंधरा महिन्यांनी, 28 जानेवारी 1919 रोजी, त्याच ठिकाणी ते राजकारणावर बोलले. जर्मनी युद्ध हरलेला, सम्राट गेलेला, बव्हेरियात क्रांतिकारी सरकार आलेले. सुरुवातीलाच त्यांनी बजावले की माझे भाषण तुमची निराशा करणार आहे. आजच्या घडामोडींवर भूमिका घ्यावी अशी तुमची अपेक्षा असेल, ती मी पुरी करणार नाही. आणि मग त्यांनी राज्यसंस्थेची व्याख्या, पुढाऱ्यांचे प्रकार, पक्षयंत्रणा असे करत करत शेवटी त्या प्रश्नाला हात घातला जो त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात होता: चांगल्या हेतूसाठी हिंसा करणाऱ्याने परिणामांची जबाबदारी कुणावर टाकायची? तत्त्वाला चिकटून राहणारी नीती आणि परिणामांचा भार उचलणारी नीती, हा त्यांचा भेद आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडतो. तिथे तो कोरडा वाटतो. म्युनिकच्या त्या हिवाळ्यात तो कोरडा नव्हता. व्याख्यानानंतर महिना व्हायच्या आत बव्हेरियाचे मुख्यमंत्री कुर्ट आइस्नर यांचा रस्त्यात खून झाला.

आता ज्या व्याख्यानाबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, ते कधी झालेच नाही.

लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने डिसेंबर 1935 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद देऊ केले. त्याआधी दोनच महिने, ऑक्टोबरमध्ये, येवल्याला त्यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले होते. मंडळ सवर्ण हिंदू सुधारकांचे होते आणि जातिभेद मोडावा ही त्यांची इच्छा प्रामाणिक होती. बाबासाहेब आधी तयार नव्हते. आग्रह झाला म्हणून तयार झाले. भाषण लिहून झाले, मुंबईत छापायला गेले. एप्रिल 1936 मध्ये मंडळाचा माणूस मुंबईला आला, त्याने मजकूर पाहिला आणि पत्रव्यवहाराला वेगळे वळण लागले. वेद आणि शास्त्रे यांच्या अधिकारावरचा हल्ला काढून टाकावा, परिषदेच्या कामाशी थेट संबंध नसलेला भाग वगळावा, हिंदू म्हणून हे आपले शेवटचे भाषण असेल हा सूर नको, अशा मागण्या आल्या. 27 एप्रिलला बाबासाहेबांनी उत्तर पाठवले: एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद आधी पुढे ढकलली होती, ती मग रद्दच झाली. छापून तयार असलेल्या 1,500 प्रती त्यांनी स्वतःच्या खर्चाने मे महिन्यात प्रसिद्ध केल्या. किंमत आठ आणे.

या प्रतींचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. दोन महिन्यांत त्या संपल्या. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिले, मंडळाने भाषण नाकारायला नको होते, असे स्पष्ट म्हटले, किंमत जरा जास्तच आहे असा शेराही मारला, आणि शास्त्रांच्या अर्थाबद्दल मतभेद नोंदवला. बाबासाहेबांनी 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींचे लेख आणि आपले उत्तर दोन्ही छापले. सभागृहात जे प्रश्नोत्तर व्हायचे ते कागदावर झाले आणि आजही चालू आहे. व्याख्यानाला सभागृह मिळाले नाही, तरी त्याच्या वाट्याला आला तसा प्रतिवाद क्वचितच दुसऱ्या एखाद्या व्याख्यानाच्या वाट्याला आला असेल.

‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने निघालेले हे भाषण ग्रंथ म्हणून वाचणारे बहुतेक जण त्यातला युक्तिवाद पाहतात: जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, ती शास्त्रांच्या पावित्र्यावर उभी आहे, म्हणून सहभोजने पुरेशी नाहीत, शास्त्रांचा अधिकारच नाकारला पाहिजे. हे सगळे महत्त्वाचे आहेच. पण ते भाषण म्हणून वाचा. त्यातले ‘तुम्ही’ पकडा. ते लाहोरच्या त्या सुधारकांना उद्देशून आहे, जे बरोबर निम्म्या वाटेपर्यंत आलेले आहेत. सनातन्यांशी वाद घालण्यात बाबासाहेबांनी फार वेळ घालवलेला नाही. चांगली, सद्हेतू असलेली माणसे नेमकी कुठे थांबतात आणि का थांबतात, हे त्यांनी त्यांच्या तोंडावर सांगायचे ठरवले होते. आणि ती माणसे त्याच जागी थांबली. त्या पुस्तिकेतला सिद्धान्त तिच्या छपाईच्या वेळीच खरा ठरला, हे मला जगातल्या व्याख्यानवाङ्मयात दुसरीकडे कुठे दिसलेले नाही.

बाबासाहेब हे या क्षेत्रातले मोठे वक्ते होते हे आपल्याकडे पुरेसे ध्यानात घेतले जात नाही. घटनाकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, आणि सभांतले नेते म्हणून. पण पुण्यात दिलेली त्यांची तीन व्याख्याने एका बैठकीत वाचून पाहावीत. 1939 च्या जानेवारीत गोखले अर्थशास्त्र संस्थेत, काळे स्मृती व्याख्यान म्हणून, त्यांनी संघराज्याच्या योजनेची चिरफाड केली. 18 जानेवारी 1943 ला रानड्यांच्या 101 व्या जयंतीला गोखले स्मारक सभागृहात ते बोलले. आमंत्रण डेक्कन सभेचे, म्हणजे रानड्यांनीच स्थापलेल्या संस्थेचे. आपली मते श्रोत्यांना आणि खुद्द सभेच्या सदस्यांना रुचतील की नाही याची शंका असल्याने आपण हे आमंत्रण फारशा उत्साहाने घेतले नाही, हे त्यांनी सांगून टाकले. पुढे रानडे, गांधी आणि जीना यांची तुलना करताना त्यांनी विभूतिपूजेवर घणाघात केला, आणि तो एका विभूतीच्या जयंतीच्या दिवशी. रानड्यांचा गौरव करायचा तो त्यांच्या तसबिरीला हार घालून नव्हे, त्यांना तपासून, ही रीत त्यांनी त्या सभागृहात घालून दिली. वर्तमानपत्रांनी झोड उठवली. त्या टीकेचा समाचार छापील पुस्तिकेच्या प्रस्तावनेत आहे आणि तो मूळ व्याख्यानाइतकाच वाचनीय आहे.

तिसरे व्याख्यान 22 डिसेंबर 1952 चे, पुणे जिल्हा विधी ग्रंथालयातले. राज्यघटना लागू होऊन तीन वर्षेही झाली नव्हती, पहिली सार्वत्रिक निवडणूक नुकतीच पार पडली होती. समोर बहुतांश वकील. लोकशाही यशस्वी व्हायला कोणत्या गोष्टी आधी लागतात, हा विषय. टोकाची विषमता नसावी, विरोधी पक्ष असावा, कायदा आणि कारभार यांच्यापुढे सगळे सारखे असावेत, घटनात्मक नीती पाळली जावी, बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांवर जुलूम करू नये, समाजात नीतीची चाड असावी, आणि सार्वजनिक विवेक जागा असावा. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झालेला नाही अशा माणसानेही अन्यायाविरुद्ध उभे राहावे. घटनेची कलमे ज्यांच्या रोजच्या वापरातली, त्यांच्यासमोर घटना लिहिणारा माणूस सांगत होता की कलमे पुरत नाहीत.

हे व्याख्यान बर्लिन यांच्या व्याख्यानाशेजारी ठेवावे असे मी सुचवीन. 31 ऑक्टोबर 1958 रोजी ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापकपद स्वीकारताना बर्लिन बोलले. दुसऱ्याने आपल्या आड येऊ नये ही स्वातंत्र्याची एक कल्पना. आपणच आपले धनी व्हावे ही दुसरी. दुसरी ऐकायला उदात्त, पण तुमचे खरे हित तुमच्यापेक्षा आम्हाला कळते असे म्हणणारा कुणी भेटला की तिचे जुलमात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. शीतयुद्धाच्या भर काळात बोललेले हे आहे आणि त्याची धग त्यात जाणवते. इजिप्तमधल्या शेतकऱ्याला स्वातंत्र्याआधी कपडे आणि औषध लागते हेही बर्लिन मान्य करतात. मात्र त्याला लागणारे किमान स्वातंत्र्य प्राध्यापकाला लागते त्याहून निराळ्या जातीचे नसते, असे ते बजावतात. दोन्ही व्याख्याने वाचल्यावर माझे मत असे झाले आहे, की बर्लिन यांनी धोका अचूक दाखवला, पण आड येणारा ‘दुसरा’ त्यांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः सरकार म्हणून आहे. पाणवठ्यावर, देवळाच्या दारात, चाळीत खोली मागताना आड येणारा शेजारी त्यांच्या श्रोत्यांच्या अनुभवात नव्हता. पुण्यातल्या वक्त्याच्या अनुभवात तोच पहिला होता. वाचकाने याच्याशी सहमत व्हावे असा आग्रह नाही. दोन्ही शेजारी ठेवून पाहावे एवढाच आहे.

कुणाला आत येता येत होते, हा प्रश्न वुल्फ यांनी व्याख्यानाचा विषयच करून टाकला. ऑक्टोबर 1928 मध्ये केंब्रिजमधल्या न्यूनहॅम आणि गर्टन या स्त्रियांच्या दोन महाविद्यालयांत त्या बोलल्या. पुढच्या वर्षी ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ निघाले. स्त्रीला लिहायचे तर स्वतःची खोली आणि वर्षाला 500 पौंड हवेत, हे त्यातले प्रसिद्ध विधान. समोर बसलेल्या मुली केंब्रिजमध्ये शिकत होत्या, परीक्षा देत होत्या, आणि पुरुषांच्या बरोबरीची पूर्ण पदवी त्यांना तिथे 1948 पर्यंत मिळणार नव्हती. त्या मुलींसमोर पैशाचा आकडा घेऊन बोलणे यात जो रोखठोकपणा आहे तो पुस्तकातही टिकला आहे. आपल्याकडे पंडिता रमाबाई 1882 मध्ये पुण्यात आल्या, व्याख्याने दिली, आर्य महिला समाज काढला. संस्कृत शास्त्रार्थात पुरुषांना तोडीस तोड असलेली एक तरुण विधवा सभेत उभी राहून बोलते आहे, हे दृश्यच श्रोत्यांना तिच्या मुद्द्यांइतके विचार करायला लावणारे होते.

रवींद्रनाथांची गोष्ट परक्या श्रोत्यांची आहे. 1916 मध्ये ते जपानला गेले तेव्हा पहिले नोबेलविजेते आशियाई म्हणून मोठे स्वागत झाले. टोकियोत त्यांनी जपानला सांगितले की पश्चिमेची यंत्रे घ्या, पण राष्ट्र नावाचे त्यांचे यंत्र घेऊ नका. स्वागताचा उत्साह ओसरला. हरलेल्या देशाचा कवी असेच बोलणार, असा सूर निघाला. तिथून ते अमेरिकेला गेले आणि शहराशहरांतून तेच बोलले. शांतिनिकेतनसाठी पैसा उभा करणे हाही त्या दौऱ्याचा हेतू होता. 1917 च्या ‘नॅशनॅलिझम’ या पुस्तकात पश्चिम, जपान आणि भारत असे तीन भाग आहेत. महायुद्ध पेटलेले असताना तिन्ही ठिकाणच्या देशभक्तांना नकोसे वाटेल असे बोलणारा हा माणूस होता, आणि दुसऱ्या महायुद्धात जपानचे जे झाले ते पाहता त्या टोकियोतल्या श्रोत्यांची आठवण होते.

मानवजातीच्या भवितव्यावरच्या व्याख्यानांकडे वळताना एक सावधगिरी सांगतो. भाकिते खरी ठरली की खोटी, एवढ्यावर त्यांचा निकाल लावू नये. जे. बी. एस. हाल्डेन यांनी 4 फेब्रुवारी 1923 ला केंब्रिजच्या ‘हेरेटिक्स’ या मंडळात ‘डीडलस’ हे टिपण वाचले. कोळसा संपेल, वाऱ्यावर चालणाऱ्या चक्क्यांतून वीज आणि त्यातून हायड्रोजन साठवला जाईल, गर्भ शरीराबाहेर वाढवता येईल, अशी त्यांची भाकिते. गर्भाशयाबाहेरच्या पहिल्या बालकाचे साल त्यांनी 1951 धरले होते, ते चुकले. पण नवे जीवशास्त्रीय तंत्र प्रथम किळसवाणे वाटते आणि पुढे नित्याचे होऊन बसते, हे त्यांचे निरीक्षण आजही तंतोतंत लागू पडते. खंदकांत लढून आलेला हा तरुण विज्ञानावर आशा ठेवून होता. बर्ट्रांड रसेल यांनी लगेच 1924 मध्ये ‘इकॅरस’ लिहून उत्तर दिले: विज्ञान ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांचीच ताकद वाढवेल, माणसाचे सुख वाढवेलच असे नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आज जो वाद चालतो त्याच्या दोन्ही बाजू या दोन छोट्या पुस्तकांत जवळजवळ पूर्ण सापडतात. हाल्डेन पुढे 1957 मध्ये भारतात आले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.

त्याच रसेल यांनी 1948 मध्ये बीबीसीच्या रीथ व्याख्यानांचा आरंभ केला. विषय होता ‘सत्ता आणि व्यक्ती’. इथे एक बदल घडला: वक्ता रेडिओवरून लाखोंशी बोलू लागला, पण समोर कुणी नाही. जांभई दिसत नाही, कुजबुज कळत नाही. 1953 च्या अखेरीस अणुबॉम्बचे शिल्पकार रॉबर्ट ओपनहायमर त्याच मालेत विज्ञान आणि सामान्य समज यांवर बोलले. त्याच डिसेंबरात त्यांच्या स्वतःच्या देशाने त्यांना गोपनीय माहितीपासून दूर केले. त्या व्याख्यानांत मोकळ्या समाजाबद्दल ते जे बोलतात ते हे लक्षात ठेवून ऐकावे. ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत, आणि हा आवाज छापील मजकुरापेक्षा जास्त सांगतो.

मराठीत या परंपरेचे काय झाले, हे विचारणे भाग आहे. लक्ष्मणशास्त्र्यांचा ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ हा व्याख्यानांतूनच सिद्ध झालेला ग्रंथ. त्याला 1955 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नरहर कुरुंदकरांचे पुष्कळसे विचारधन आधी महाराष्ट्राच्या गावोगावच्या व्यासपीठांवर बोलले गेले. नांदेडहून एसटीने निघून कुठल्या तरी तालुक्याच्या गावी पोचायचे आणि रात्री सतरंजीवर बसलेल्या श्रोत्यांना मनुस्मृती किंवा धर्मनिरपेक्षता समजावून सांगायची, या कष्टांची बरोबरी गिफर्ड मालेतल्या कुणाला करावी लागली नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला, नाशिकला गोदाघाटावर भरणारी माला, दादरच्या अमर हिंद मंडळाची माला, फुले आणि आंबेडकर जयंतीच्या दिवसांत वस्त्यावस्त्यांतून होणाऱ्या माला, 2008 पासून पणजीत भरणारा दामोदर कोसंबी विचार महोत्सव: एवढे जाळे भारतातल्या फार थोड्या भाषांच्या वाट्याला आले असेल.

पण एक गोष्ट मला खटकते आणि ती लिहिल्यावाचून राहवत नाही. प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, व्याख्यान, अध्यक्षीय समारोप, आभार, असा क्रम ठरून गेला आहे आणि त्यात प्रश्नांना जागा उरलेली नाही. उरली तर चिठ्ठीवर. चिठ्ठी व्यासपीठावर जाते, संयोजक ती उलगडून पाहतो, अवघड असेल तर गठ्ठ्याच्या खाली सरकवतो, आणि वेळ संपतो. गोड बोलणाऱ्या वक्त्याला पुन्हा बोलावले जाते, टोचणाऱ्याला नाही. श्रोत्याचे तोंड अशा रीतीने बंद झाले की ती सभा वेबर यांनी वर्णन केलेला वर्ग होते, फक्त परीक्षा नसते. या क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या तरुणांनी जुन्या मालांचे हिशेब, आमंत्रणपत्रे, छापील अहवाल, रद्द झालेल्या कार्यक्रमांची नोंद, आणि शक्य तिथे त्या चिठ्ठ्याही जमवाव्यात. कोणत्या वर्षी कोणत्या गावात कोणता प्रश्न विचारला गेला याचा इतिहास मराठीत अजून लिहिला गेलेला नाही. तो लिहायला विद्यापीठाची परवानगी लागत नाही; कित्येक संस्थांच्या माळ्यावर ही दप्तरे अजून आहेत, आणि वाळवी थांबलेली नाही.

वाचनाची सुरुवात कुठून करावी असे विचाराल, तर पहिल्यांदा बाबासाहेबांचे ते न झालेले भाषण घ्या. त्याच्या आरंभी मंडळाशी झालेला पत्रव्यवहार जोडलेला आहे. घाईत असलेले वाचक तो ओलांडून थेट भाषणावर जातात. तुम्ही पत्रे आधी वाचा, तारखा बघत बघत, मग भाषण, मग गांधीजींचे लेख आणि त्यांना दिलेले उत्तर. त्यानंतर वेबर यांचे 1919 चे व्याख्यान आणि 1952 चे पुण्याचे, या क्रमाने. वुल्फ कुठेही वाचल्या तरी चालतील.